नाक म्हणायचं नाही

आमच्या कंपनीत ‘नाक’ हा शब्द उच्चारायला बंदी होती. लेखी नव्हती, पण लेखीपेक्षा कडक होती. ज्या यंत्रासाठी मला अगरबत्तीच्या कारखान्यातून उचलून इथे आणलं, त्या यंत्राला आम्ही ‘चाळणी’ म्हणायचो. कॅन्टीनमध्ये सर्दी झालेला माणूससुद्धा ‘जरा बरं नाही’ एवढंच सांगून गप्प बसायचा. कारण कर्णिक सर कुठल्या टेबलाशी पाठमोरे बसलेले असतील, याचा नेम नसे.

जयवंत कर्णिक म्हणजे आमचे गुप्तता प्रमुख. पन्नाशीचा, शिडशिडीत माणूस, तोंडात कायम लवंग. हल्ली हातात पाण्याची भली मोठी बाटलीही दिसायची. ‘ज्याला जेवढं लागतं, त्याला तेवढंच’ हे त्यांचं ब्रीद. कॅमेऱ्यावर काम करणाऱ्यांना बॅटरीचं काही ठाऊक नव्हतं, बॅटरीवाल्यांना चाळणीचं नव्हतं आणि मला चाळणीचं सगळं ठाऊक असूनही फोनचा पडदा केवढा असणार हे माहीत नव्हतं. मेघवर्ण कंपनीचा हा नवा फोन पाडव्याला बाजारात यायचा होता. तोवर चाचणीसाठी बाहेर जाणाऱ्या प्रत्येक फोनला जाडजूड, मळकट कव्हर घातलेलं असे. त्या कव्हरात तो आमच्याच कंपनीच्या जुन्या, स्वस्त फोनसारखा दिसायचा. तो जुना फोन आमच्या तळेगावात निम्म्या लोकांच्या हातात होता. ही युक्ती सरांचीच, आणि तिचा त्यांना अभिमान होता.

माझा नवरा श्रीरंग आपल्या मित्रांना सांगायचा, “विदुला फोन पुसायचं काम करते.” मीही ते खोडून काढत नसे. एवढ्या गुपिताला लहानशी थट्टा चालते.

चाळणी म्हणजे काय, ते आता सांगायला हरकत नाही. फोनच्या पाठीवर बारीक भोकं होती आणि प्रत्येक भोकाखाली मोहरीहून लहान असा धातूच्या भस्माचा एकेक मणी. मणी गरम ठेवायचा. हवेतला एखादा वायू त्याला लागला की त्यातून वाहणारी वीज थोडी कमी-जास्त होते. कुठल्याही एका मण्याला कुठलाही वास ओळखता येत नाही; कांद्यानंही तो हलतो आणि रॉकेलनंही. पण सगळे मणी मिळून कसे वर-खाली झाले, त्याची एक आकृती तयार होते. ती यंत्र लक्षात ठेवतं. आपलं नाकही साधारण हेच करतं. बाळाला कोणी वासांची व्याख्या सांगत नाही; हुंगत हुंगत ते शिकतं.

चाळणीला हुंगायला शिकवायचं काम माझं. मी तिला विटलेलं दूध दिलं, करपलेली फोडणी दिली, गळणारा गॅस दिला, ओल आलेली भिंत दिली. प्रत्येक वासाला नाव द्यायचं आणि पुढे जायचं. एकदा हौसेनं मी माझ्या घरचं अत्तरही देऊन टाकलं. वाळा, थेंबभर केवडा आणि नावापुरता कापूर. हे मिश्रण माझं मी करते, दुसरीकडे कुठे मिळत नाही. त्याला मी नाव दिलं ‘वाळा-विदुला’. कोण बघतंय, असं वाटलं.

एक गोष्ट मात्र आम्ही चाळणीला शिकवून पुन्हा गप्प बसवली होती. शरीराला जाळायला साखर मिळेनाशी झाली की ते चरबी जाळतं, आणि मग श्वासात ॲसिटोन येतो. नेलपॉलिश पुसायच्या पाण्याला येतो तोच वास. उपाशी माणसाच्या श्वासात तो थोडा असतो. मधुमेहात, इन्शुलिन अगदीच संपत आलं तर, तो फार वाढतो; रक्तात साखर तुडुंब असते, पण शरीराला ती वापरता येत नाही. भरल्या घरात उपासमार म्हणा. चाळणीनं हे वेळेत ओळखावं, असं आमच्या मनात होतं. मग नवरात्र आलं. चाळणीनं आमचा अर्धा विभाग गंभीर आजारी ठरवला, त्यात नऊ दिवस पाण्यावर राहणारे आमचे विभागप्रमुखही होते. वरचे लोक हादरले. परवाने, डॉक्टर, कोर्टकचेऱ्या, लाँच पुढे ढकलणं, नकोच ते. श्वासाचा खण बंद केला गेला. म्हणजे चाळणीला वास यायचा, फक्त तिनं तो बोलून दाखवायचा नाही. वरचे लोक सोडले तर हे आम्हा चौघांनाच ठाऊक होतं आणि बाहेर काढायचं नाही, अशा कागदावर चौघांच्या सह्या होत्या. कर्णिक सर त्या चौघांत नव्हते. त्यांच्याच नियमानं त्यांना ते सांगायची गरज नव्हती.

रथसप्तमी झाली आणि त्याच आठवड्यात ‘कानोसा’ नावाच्या साइटवर फोटो आला. गर्द लाल कापडावर ठेवलेला आमचा फोन, पालथा, कव्हराशिवाय. चाळणीचं भोक न् भोक मोजता यावं इतका स्वच्छ. खाली लिहिलं होतं, ‘मेघवर्णच्या नव्या फोनला एवढे स्पीकर कशाला?’

मला कर्णिक सरांच्या केबिनमध्ये बोलावलं गेलं तेव्हा इम्तियाज मुजावर आधीच तिथे बसला होता. इम्तियाज मिरजेचा, माझ्याच विभागातला. चाळणीचे फोन गावभर फिरवून आणायचं काम त्याच्याकडे. त्या वर्षी माघ आणि रमजान बरोबर आले होते, त्याचा रोजा होता. सर त्याच्यासमोर घटाघट पाणी पीत होते, आणि त्यात काही गैर आहे हे त्यांच्या ध्यानातही येत नव्हतं.

“मुजावर, शनिवारी हा फोन तुम्ही बाहेर नेला होता.”

“नेला होता, सर. संध्याकाळी परत ट्रेमध्ये ठेवला.”

“सोमवारी सकाळपर्यंत त्याच्यावर तुमचंच नाव आहे. नोंदवहीत बाहेर गेलेला दुसरा फोनच नाही. मग कोणाला विचारू मी?”

इम्तियाजचं नुकतंच लग्न ठरलं होतं, हे मला माहीत होतं. आपण काही केलं नाही हे सांगून त्याचा घसा कोरडा झाला असावा, आणि रोज्यामुळे तो ओलाही करता येत नव्हता.

मला राहवलं नाही. थोडी कळकळ होती, पण खरं सांगायचं तर त्याहून जास्त होतं कुतूहल. “सर, चाचणीच्या फोनमधली चाळणी वास साठवून ठेवते. फोन बंद असला तरी. आम्ही ते मण्यांची झीज बघण्यासाठी करतो. पण त्यावरून तो कुठे कुठे जाऊन आला ते वाचता येईल.”

सरांनी बाटली खाली ठेवली. “पत्ता कळेल?”

“पत्ता नाही. पण घर कसलं, स्वयंपाक कसला, माणसं कसली, एवढं कळेल.”

“हे मला आजवर कोणी का सांगितलं नाही?”

‘ज्याला जेवढं लागतं’ हे माझ्या ओठांवर आलं होतं, ते गिळलं. सर म्हणाले, “उद्या दुपारपर्यंत वाचा. मुजावर, तुम्ही तोवर राजीनामा तयार ठेवा. लागला नाही तर फाडू.”

आम्ही दोघं प्रयोगशाळेत बसलो. असं वाचन याआधी कोणी केलं नसावं, आणि मी तर हरखून गेले होते. शनिवार सरळ होता. इम्तियाजच्या गाडीचं पेट्रोल, मंडईतली कोथिंबीर, बेकरीतला पाव, मग संध्याकाळी ट्रेचं प्लास्टिक.

“बघा, ठेवलाय की नाही परत,” इम्तियाज म्हणाला.

पण फोन ट्रेमध्ये राहिला नव्हता. थोड्याच वेळात नवीन मोटारीच्या सीटचा वास आला, मग डांबराच्या गोळ्या आणि धुतलेले कपडे. रात्रभर तेच. म्हणजे कुणीतरी फोन घरी नेऊन कपाटात ठेवला होता.

“चोर मोठा व्यवस्थित आहे,” मी म्हटलं.

रविवारी दुपारी डांबराच्या गोळ्या संपल्या. चामड्याची पर्स, पावडर, गजऱ्यातली शेवंती. मग एकदम गर्दी उसळली. हळद, कुंकू, गुलाबपाणी, तीळ, गूळ, ओला हरभरा, नव्या साड्यांची खळ. मी हसलेच. जगातलं सगळ्यात गुप्त यंत्र कुणाच्या तरी हळदीकुंकवाला जाऊन आलं होतं. तळेगावात त्या रविवारी असली पन्नास हळदीकुंकवं झाली असतील, आता घर कसं शोधायचं, असं म्हणत मी पुढे सरकवलं, आणि पडद्यावर चाळणीनं आपण होऊन नाव लिहिलं. वाळा-विदुला.

त्या रविवारी माझ्याकडे हळदीकुंकू होतं. बायकांच्या मनगटाला अत्तर मीच लावलं होतं.

इम्तियाजनं ते वाचलं. चाळणीला ते अत्तर शिकवताना तो शेजारीच होता. “मॅडम, हे तुमचं घर.”

“हो.”

“फोन तुम्ही नव्हता नेला.”

“नाही रे. मी कशाला नेऊ?”

त्यानं पडद्यावरून नजर काढली. “मग आपण हे बघितलंच नाही. मिरजेत मामांचा सतारीचा कारखाना आहे, तिथं भोपळे घासायला माणूस लागतोच.”

“गप्प बस,” मी म्हटलं. “पुढचं वाचू दे.”

संध्याकाळी फोन पर्समधून परत डांबराच्या गोळ्यांच्या घरी गेला होता. जेवणाचं टेबल असावं. गुळपोळी, भरपूर तूप, मसालेभात. आणि जेवणाऱ्यांपैकी एकाच्या तोंडची लवंग.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. कंपनीत लवंग चघळणारा माणूस एकच होता.

पण लवंग एकटी नव्हती. तिच्या बरोबरीनं, अगदी पावलाला पाऊल लावून, आणखी एक रेघ चालली होती. चाळणीनं तिला नाव दिलं नव्हतं, कारण तो खण आम्ही बंद केला होता. आकृती मात्र मी झोपेतही ओळखली असती. ॲसिटोन.

“उपास असेल,” इम्तियाज म्हणाला.

मलाही आधी तसंच वाटलं. पण उपासाचा ॲसिटोन जेवल्यावर उतरतो. पोटात अन्न पडलं, साखर मिळाली, की शरीर चरबी सोडून देतं. नवरात्रात आम्ही हे बघायलाच विसरलो होतो. सकाळी श्वास मोजला, घाबरलो आणि खण बंद करून टाकला. इथे तर माणूस तूप-गुळपोळी जेवला होता. जेवणानंतर फोन कुणाच्या तरी उशाशी चार्जिंगला होता, आणि लवंगेचा वास विरून गेल्यावरही ती रेघ चढत होती. पहाटेपर्यंत चढतच राहिली. पोटात गुळपोळी आणि श्वासात उपास. मला त्या क्षणी शोधाचा आनंद झाला, आणि लगेच त्या आनंदाची लाज वाटली. कारण ही रेघ म्हणजे एक माणूस होता आणि तो मरणाच्या वाटेला लागला होता.

घरी येऊन मी सोसायटीच्या ग्रुपवरचा आमचा फोटो उघडला. हळदीकुंकवाच्या सगळ्या बायका ओळीनं उभ्या. पुढे चौरंग, त्याच्यावर माझं गर्द लाल कापड, तबक, आणि तबकाशेजारी पालथा, उघडा फोन. कानोशावरचा फोटो यातूनच कापून घेतलेला होता. अत्तर लावण्याच्या गडबडीत माझं तिकडे लक्षच गेलं नव्हतं. चौरंगाजवळ पर्स सावरत उभ्या होत्या नीलांबरी वहिनी, कर्णिक सरांच्या पत्नी. त्या आमच्याच सोसायटीत राहतात.

मी त्यांना फोन केला. तिळगुळाचं, साडीचं बोलून झाल्यावर सहज विचारलं, “वहिनी, त्या दिवशी तुमचा फोन बिघडला होता ना?”

“अगं हो, चालूच होईना. कव्हर काढून बघितलं, बटणं दाबली. घरी येऊन चार्जला लावला, तर सकाळी माझा फोन सापडला उशीखाली. मी मेलीनं ह्यांच्या कपाटातला कसलासा उचलला होता. सारखाच दिसतो गं. गुपचूप ठेवून दिला जागेवर. ह्यांना बोलू नकोस हं, आधीच डोकं फिरलंय.”

“सरांची तब्येत बरी आहे ना?”

“तुलाही जाणवलं? पाणी तर इतकं पितात. रात्रीत पाच-सहा वेळा उठतात. पँट्स सगळ्या सैल झाल्यात. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, फोन बाजारात येऊ दे, मग बघू. कालपासून मळमळतंय म्हणे.”

“वहिनी, त्यांना उद्याच न्या.”

“ऐकतील तर ना. तूच सांग, तुझं ऐकतील.”

मला सांगता आलं नाही, की ज्याला सांगायचं आहे त्यालाच सांगायला मला बंदी आहे. श्वासाच्या खणाबद्दल बोलले तर नोकरी जाणार. नाही बोलले तर सर कशाच्या जोरावर डॉक्टरकडे जातील? आणि फोन कुठून फुटला ते सांगितलं की त्यात माझं घरही आलं. श्रीरंग म्हणाला, “काय झालंय तुला?” मी म्हटलं, “फोन पुसून पुसून हात दुखतायत.” रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारची वाटही न बघता मी इम्तियाजला घेऊन केबिनमध्ये गेले. सर खुर्चीत रेलून बसले होते, श्वास मोठे आणि खोल येत होते. मी दार लावलं.

“सापडलं घर?” त्यांनी विचारलं.

“दोन सापडली. एक माझं.”

ते सरळ बसले. मी सगळं सांगितलं. ट्रे, मोटार, कपाट, पर्स, हळदीकुंकू, फोटो. डांबराच्या गोळ्यांपाशी त्यांचा चेहरा बदलला.

“शनिवारी मी ट्रेमधून एक फोन घरी नेला होता,” ते हळूच म्हणाले. “इथल्या कपाटांवर माझा भरवसा नाही. माझ्या घरात तो जास्त सुरक्षित, असं वाटलं. नंबर मी बघितला नाही, सोमवारी तसाच परत ठेवला.”

“रविवारी रात्री तो तुमच्या जेवणाच्या टेबलावर होता, सर.”

“तो नीलांबरीचा होता.”

“तुमचंच कव्हर होतं ते. तुम्हीसुद्धा फसलात.”

त्यांचा आवाज कडक झाला. “सोवनी, तुम्हाला काय हवंय? मुजावरला सोडायचं आणि तुमचं नाव वगळायचं, नाहीतर तुम्ही वर जाऊन माझं नाव सांगणार. असंच ना? मला धमकी देताय तुम्ही.”

“सर, सांगायचं ते अजून पुढेच आहे. तुम्ही आजारी आहात.”

“मी बरा आहे.”

“तुम्हाला मधुमेह झालाय आणि तो फार पुढे गेलाय. चाळणीला तो तुमच्या श्वासात सापडला.”

“चाळणी गॅस ओळखते. दूध ओळखते.”

“श्वासही ओळखते. तुम्हाला ते माहीत नाही, कारण तुमच्याच नियमानं तुम्हाला ते सांगायचं नव्हतं. माझी सही आहे त्या कागदावर. मी आत्ता तो नियम मोडतेय.”

त्यांचा विश्वास बसला नाही, आणि का बसावा? गुपितं राखणारा माणूस पहिल्यांदा समोरच्याचा डावच शोधतो. मग मी बोलणं थांबवलं. टेबलावर तोच फोन कव्हर काढून ठेवला, पडद्यावर बंद खण उघडला, आणि आधी मीच फुंकर घातली. रेघ जमिनीला चिकटून राहिली. मी सकाळी दोन वाट्या उपमा खाल्ला होता. मग इम्तियाजनं फुंकली. पहाटेपासून पोटात काही नाही. रेघ किंचित, बोटभर उठली.

“हा रोजा,” इम्तियाज म्हणाला. “आता तुम्ही, सर. तुम्ही तर जेवलाय.”

“नाश्ता केलाय,” सर म्हणाले. तोंडातली लवंग त्यांनी कागदात काढून ठेवली आणि फुंकर मारली. आपण हे खोटं पाडणार आहोत, अशा आविर्भावात.

रेघ पडद्याच्या माथ्याला टेकली आणि तिथेच राहिली.

त्यांनी पुन्हा फुंकलं. पुन्हा तेच. मग त्यांनी जे विचारलं त्यावर मला हसावं की रडावं कळेना. “हे कोणाकोणाला माहीत आहे?”

“आम्हा दोघांना. आणि आता तुम्हाला.”

“फोन चुकत असेल.”

“असू शकतं. हा काही डॉक्टर नाही. खाली कंपनीच्या दवाखान्यात बोटातला एक थेंब रक्त द्या. चुकला असला तर मी आणि इम्तियाज दोघंही राजीनामा देतो.”

सर उठले आणि टेबलाला धरून उभे राहिले. इम्तियाजनं त्यांचा दंड पकडला. तो त्यांनी सोडवून घेतला नाही. दवाखान्यातल्या सिस्टरनं बोट टोचलं, पट्टी यंत्रात घातली. यंत्रानं आकडा दाखवलाच नाही, नुसतं ‘हाय’ असं लिहिलं. सिस्टर म्हणाली, “आकड्याच्या पलीकडे गेलीये साखर. थांबू नका इथे.”

सरांच्याच गाडीतून आम्ही त्यांना रुग्णालयात नेलं. वाटेत त्यांना दोनदा उलटी झाली. फाटकावरच्या पहारेकऱ्यानं गाडी ओळखून सलाम ठोकला आणि दांडा वर केला.

तातडीच्या विभागात सगळं पटापट झालं. रक्त, सलाईन, इन्शुलिन. वहिनी धावत आल्या आणि पलंगाच्या पायथ्याशी उभ्या राहिल्या. तासाभरानं सरांचा श्वास जरा सैल झाला, तेव्हा डॉक्टर आल्या. तरुण होत्या, स्पष्ट बोलणाऱ्या.

“या वयात हा प्रकार असा सुरू होणं कमीच, पण होतं. आणखी एक-दोन दिवस काढले असतेत तर तुम्ही बेशुद्ध होऊन आला असतात. कदाचित आलाच नसतात. मला एक सांगा, तुम्ही तर कधी तपासणी केलेली नाही. मग शंका आली कशी?”

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कंपनीत शिकवल्याप्रमाणे भिंतीकडे पाहिलं. शेजारच्या पलंगावरचा पेशंट, त्याचे दोन नातेवाईक, सिस्टर, सगळे ऐकत होते. एकाच्या हातात फोन होता, त्याच जुन्या मळकट जातीचा.

“थकवा वगैरे...” सर म्हणाले आणि थांबले. कपाळावर आठी आली. आयुष्यभर जी गोष्ट त्यांनी इतरांना करू दिली नाही, ती स्वतः करायची होती, आणि ते जड जातंय हे सगळ्यांना दिसत होतं. मग ते मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करत बोलले.

“आमच्या नव्या फोनला नाक आहे.”

वहिनी म्हणाल्या, “काय आहे?”

“नाक. त्यानं ओळखलं.”

डॉक्टर खुर्ची ओढून बसल्या. त्यांनी विचारलं, “म्हणजे श्वासावरून? आणि हे सगळ्यांच्या फोनमध्ये असणार?”

सरांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं. या वेळी मी भिंतीकडे पाहिलं नाही. “असणार होतं,” मी म्हटलं. “उपासाचा आणि आजाराचा वास वेगळा करता येईना म्हणून बंद केलं. काल कळलं, नुसता वास बघायचा नाही. जेवल्यावर तो उतरतो की नाही ते बघायचं.”

“मग आता बंद का ठेवताय?”

शेजारच्या पलंगावरचा नातेवाईक म्हणाला, “पाव्हणं, कधी येणार हा फोन?”

“पाडव्याला,” सर म्हणाले. तेही गुपितच होतं.

मग त्यांनी माझ्याकडून माझा फोन मागून घेतला आणि पडल्या पडल्या कंपनीच्या संचालकांना लावला. “कर्णिक बोलतोय. फोटो माझ्या घरातून फुटला. मुजावरचा काही संबंध नाही, सोवनींचाही नाही. आणि आत्ता एक गोष्ट मी स्वतः फोडली आहे. हो, मुद्दाम. उद्या सगळीकडे दिसेल, तेव्हा तो खण उघडायचं बघा.” पलीकडून बराच आरडाओरडा ऐकू आला. सरांनी तो शांतपणे ऐकला आणि फोन मला परत दिला. “नोकरी जाईल बहुतेक,” ते म्हणाले.

वहिनींच्या डोळ्यांना पाणी आलं होतं. “अहो, आधी सांगितलं असतंत तर मी तो पर्समध्ये टाकलाच नसता.”

“म्हणून तर सांगितलं नाही तेच बरं झालं,” सर म्हणाले. वहिनींना ते कळलं नाही. त्यांनी पदराला डोळे पुसले आणि सरांच्या पायावरची चादर नीट केली.

संध्याकाळ झाली होती. इम्तियाज बाहेर जाऊन खजूर आणि पाणी घेऊन आला, रोजा सोडला आणि सवयीनं सगळ्यांपुढे खजूर धरले. सरांपुढे हात नेला आणि मग मागे घेतला. सर पहिल्यांदा हसले. “राजीनामा फाडा,” ते म्हणाले.

मी निघायला उठले तेव्हा पर्समधून तो फोन निघाला. गडबडीत केबिनमधून मी तो तसाच उचलून आणला होता. सरांची नजर त्याच्यावर पडली आणि एवढ्या आजारातही त्यांच्यातला अधिकारी जागा झाला.

“हा फाटकातून बाहेर आला कसा?”

“तुमच्या गाडीतून, सर. तुमची गाडी कोणी तपासत नाही.”

त्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता ओरडतील. पण ते म्हणाले, “ती रेघ. खाली कधी येईल?”

“औषध लागू पडलं तर उद्यापर्यंत उतरायला लागेल.”

“मग राहू दे इथेच. उशाशी ठेवा.”

मी फोन उशीजवळ ठेवला आणि सवयीनं पर्समधलं मळकट कव्हर त्याला चढवायला लागले. त्यांनी सलाईनचा हात उचलून मला थांबवलं.

“कव्हर नको,” ते म्हणाले. “नीट घेऊ दे त्याला वास.”